कोणतं ई, कोणाला आणि किती?

ई जीवनसत्त्वावरचा वाद सध्या दोन टोकांना जाऊन बसला आहे. एक बाजू म्हणते की हे शरीराचं रक्षण करणारं अँटिऑक्सिडंट आहे, त्वचेपासून हृदयापर्यंत आणि केसांपासून मेंदूपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतं, म्हणून रोज एक कॅप्सूल घ्यायला काय हरकत आहे? दुसरी बाजू म्हणते की जीवनसत्त्वांचा सगळा धंदाच थोतांड आहे, पैसे लघवीवाटे वाहून जातात, आणि वर कर्करोगाचा धोका. दोघांकडे शोधनिबंधांचे दाखले असतात आणि दोघेही एकाच गृहीतकावर उभे असतात: ई जीवनसत्त्व म्हणजे एकच पदार्थ, त्याचं एकच काम, आणि तो एक तर चांगला किंवा वाईट. हे गृहीतकच चुकीचं आहे. माझं म्हणणं असं की ज्या मात्रेत या कॅप्सूल आज सर्रास खपतात त्या मात्रेत हा पूरक आहार राहत नाही, ते औषध होतं. निरोगी माणसाला त्या औषधाचं काम नाही आणि काही ठरावीक रुग्णांना मात्र त्याची खरी गरज आहे. हे पटायचं तर रेणूपर्यंत जावं लागेल, कारण या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते रसायनाबद्दल.

सुरुवात कशी झाली ते आधी पाहू. १९२२मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप यांनी उंदरांना अगदी मोजून-मापून बनवलेला आहार दिला. उंदीर वाढले, धडधाकट दिसले, माद्या गाभण राहिल्या. पण गर्भ पोटातच मरून विरघळून जायचे. आहारात लेट्यूसची पानं किंवा गव्हाचे अंकुर घातले की पिल्लं नीट जन्मायची. त्या अज्ञात घटकाचा शुद्ध रेणू गव्हाच्या अंकुरातल्या तेलातून वेगळा व्हायला १९३६ उजाडलं. १९३८मध्ये त्याची रचना उलगडली आणि त्याच वर्षी पाउल कारर यांनी तो प्रयोगशाळेत तयारही केला. या शोधातून सिद्ध काय झालं? हा घटक अजिबात नसेल तर शरीराचं मोठं नुकसान होतं, एवढंच. तो जितका जास्त तितकं बरं, असं त्या उंदरांनी कुठेही दाखवलं नव्हतं. पुढच्या शंभर वर्षांतला बराचसा गोंधळ या दोन विधानांमधलं अंतर विसरल्यामुळे झाला आहे.

आता रेणूकडे. निसर्गात या कुटुंबात आठ संयुगं आहेत: चार टोकोफेरॉल आणि चार टोकोट्रायनॉल. प्रत्येकाला एक डोकं असतं, दोन कड्यांचं, ज्यावर हायड्रॉक्सिल गट बसलेला असतो. आणि एक लांब, पाण्याला नकार देणारी शेपटी, जी पेशीपटलाच्या मेदात रुतून बसते. टोकोफेरॉलची शेपटी संपृक्त असते, टोकोट्रायनॉलच्या शेपटीत तीन दुहेरी बंध असतात. डोक्यावर मिथिल गट किती आणि कुठे यावर अल्फा, बीटा, गॅमा आणि डेल्टा हे भेद पडतात. अल्फावर तीन, बीटा आणि गॅमावर दोन-दोन, डेल्टावर एक. कागदावर पाहिलं तर हा फरक नगण्य वाटतो. शरीराला तो नगण्य वाटत नाही.

यांचं रासायनिक काम अत्यंत देखणं आहे, आणि ते मान्य करण्यात मला काहीच कमीपणा वाटत नाही. पेशीपटलातल्या असंपृक्त मेदाम्लावर ऑक्सिडीकरणाचा घाव पडला की पेरॉक्सिल मूलक, म्हणजे जोडीदार नसलेली एकटी इलेक्ट्रॉन असलेला चळवळ्या रेणू, तयार होतो. तो शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन हिसकावतो, मग ते शेजारी नवा मूलक बनतं, आणि ही साखळी पटलभर पसरत जाते. टोकोफेरॉल आपल्या हायड्रॉक्सिल गटातला हायड्रोजन पुढे करतो. पेरॉक्सिल मूलक मेदाम्लापेक्षा सुमारे हजारपट वेगाने त्याच्याशी भिडतो आणि साखळी तिथेच तुटते. या व्यवहारात टोकोफेरॉल स्वतः मूलक बनतो, पण त्याची एकटी इलेक्ट्रॉन कड्यावर पसरलेली असल्यामुळे तो सुस्त असतो, आणि पटलाच्या काठावरचं क जीवनसत्त्व त्याला पुन्हा मूळ रूपात आणतं. म्हणूनच हजारभर मेदरेणूंमागे टोकोफेरॉलचा एखादा रेणू असला तरी भागतं. या शेवटच्या वाक्यावर जरा थांबायला हवं. जो पहारेकरी हजारांत एक पुरतो आणि परत परत कामावर रुजू होतो, त्याची संख्या वीसपट केल्याने काय साधणार आहे? उलट त्याला पूर्ववत करणारे साथीदार आसपास नसतील तर टोकोफेरॉलचा मूलकच मेदाचं ऑक्सिडीकरण पुढे रेटू शकतो, हे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणांवरच्या प्रयोगांत १९९०च्या दशकात दिसलं आहे.

आणि शरीराने या प्रश्नाचं उत्तर स्वतःच देऊन ठेवलं आहे. आतड्यातून आठही प्रकार शोषले जातात आणि यकृतात पोहोचतात. तिथे अल्फा-टोकोफेरॉल ट्रान्सफर प्रोटीन नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं. ते अल्फा-टोकोफेरॉलला उचलून रक्तात परत पाठवण्याची सोय करतं. अल्फाची पकड १०० धरली तर बीटाची सुमारे ३८, गॅमाची ९ आणि डेल्टाची २ भरते. उरलेल्यांच्या शेपट्या यकृतातलं एन्झाइम तुकड्या-तुकड्याने छाटतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातात. अल्फासुद्धा ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याचीही तीच गत होते. मात्रा कितीही वाढवली तरी रक्तातली पातळी साधारण दोन-तीनपटीच्या पुढे जात नाही. म्हणजे यकृत प्रकारही निवडतं आणि प्रमाणही आवरतं. या प्रथिनाचं जनुक बिघडलेलं असेल तर आहारात भरपूर ई असूनही माणूस हळूहळू तोल गमावतो, हातापायांचा ताळमेळ सुटतो, प्रतिक्षेप जातात. हा दुर्मीळ आजार ट्युनिशियासारख्या भागातल्या कुटुंबांमध्ये जास्त आढळला, आणि १९९५मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. अशा रुग्णाला वेळेत मोठ्या मात्रेत ई जीवनसत्त्व दिलं तर मज्जासंस्थेची हानी थांबते. ‘सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांनी या रुग्णांसमोर ते म्हणून दाखवावं.

मग निरोगी लोकांपर्यंत ही कॅप्सूल कशी पोहोचली? पहिली मोठी लाट १९४०च्या दशकात कॅनडातल्या इव्हान आणि विल्फ्रिड शूट या डॉक्टर बंधूंनी आणली. हृदयविकारावर ई जीवनसत्त्व गुणकारी आहे असं त्यांनी ठामपणे सांगितलं, असंख्य रुग्णांना दिलं, पण तुलनेसाठी दुसरा गट ठेवला नाही. त्यानंतर १९५६मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्याचा मुक्तमूलक सिद्धान्त (मूलकांनी केलेल्या नुकसानीमुळे शरीर म्हातारं होतं, असा) मांडला आणि या दाव्यांना एक वैज्ञानिक बैठक मिळाल्यासारखं झालं. तरीही समर्थकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा १९९३मधला आहे आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. अमेरिकेतल्या ८७ हजारांहून जास्त परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात दोन वर्षांहून अधिक काळ ईच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसला. पुरुषांच्या तशाच अभ्यासात चित्र जवळपास तेच होतं. रसायन पटणारं, प्राण्यांवरचे प्रयोग अनुकूल, आणि वर इतक्या मोठ्या लोकसंख्येतला आकडा. त्या वेळी एखाद्या डॉक्टरने स्वतः कॅप्सूल सुरू केली असेल तर त्याला दोष देता येणार नाही.

पण त्याच परिचारिकांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली होती: रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो. २००२मध्ये चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसला आणि चाचणीचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. स्वतःहून गोळी घेणारी व्यक्ती व्यायाम करते, तपासण्या करते, सिगारेट कमी ओढते, तिच्या हाती पैसा असतो. श्रेय कोणाचं, गोळीचं की त्या आयुष्याचं? हे फक्त निरीक्षणातून कळत नाही.

ईच्या बाबतीत चाचण्या झाल्या आणि भरपूर झाल्या. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर रोज ५० मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉलची चाचणी झाली. १९९४मध्ये निकाल आला, फुप्फुसाच्या कर्करोगात फरक नाही. प्रोस्टेटचा कर्करोग त्या गटात कमी दिसला आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचे झटके जास्त. केंब्रिजच्या १९९६मधल्या एका चाचणीने हृदयरुग्णांना आशा दाखवली, पण २०००मध्ये होप नावाच्या चाचणीने ९,५०० हून अधिक जोखमीच्या रुग्णांमध्ये रोज ४०० युनिटांचा (युनिट म्हणजे जीवनसत्त्वाची मात्रा मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) काहीही फायदा नसल्याचं दाखवलं, आणि तिच्या पुढच्या टप्प्यात हृदयनिकामीपणाचं प्रमाण वाढलेलं निघालं. फिनलंडमधल्या प्रोस्टेटच्या त्या दिलाशावरून सिलेक्ट ही चाचणी उभी राहिली: ३५,५३३ पुरुष, रोज ४०० युनिट. २००८मध्ये गोळ्या थांबवल्या गेल्या, कारण फायदा दिसत नव्हता. २०११मध्ये पुढचा हिशेब आला तेव्हा फक्त ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त होता. सात वर्षांत दर हजारी ६५ ऐवजी ७६ पुरुष. ज्या रोगापासून बचाव होईल म्हणून गोळी दिली, तोच रोग वाढला.

यावर समर्थकांची तीन उत्तरं आहेत आणि तिन्हींत तथ्यांश आहे. पहिलं असं की चाचण्यांत कृत्रिम ई वापरलं. नैसर्गिक अल्फा-टोकोफेरॉलमध्ये तीन विषम कार्बन (ज्यांच्याभोवतीचे गट डाव्या-उजव्या हातासारखे दोन तऱ्हांनी बसू शकतात असे) एकाच ठरावीक मांडणीत असतात. कारखान्यात बनवताना आठ मांडण्यांचं मिश्रण तयार होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना यकृत जवळपास ठेवूनच घेत नाही. रसायन बरोबर आहे. सिलेक्टमध्ये खरोखरच कृत्रिम मिश्रण होतं. पण होपमध्ये नैसर्गिक ई होतं. जवळपास ४० हजार स्त्रियांवर दहा वर्षं चाललेल्या चाचणीतही नैसर्गिकच होतं, आणि तिथे मुख्य निकाल शून्यच आला. हृदयविकाराने होणारे मृत्यू तेवढे कमी दिसले, पण एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. मग दोष कृत्रिमतेवर ढकलून सुटका कशी होणार?

दुसरं उत्तर जास्त विचारी आहे. पोषक द्रव्याची चाचणी औषधासारखी करू नये, ज्यांच्याकडे आधीच पुरेसं आहे त्यांना आणखी देऊन काय दिसणार, असं ते म्हणतात. मला हे पूर्ण मान्य आहे. फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांना सोयीचा नाही. ज्यांच्याकडे पुरेसं आहे त्यांना देऊन काही दिसत नसेल, तर कॅप्सूल विकत घेणारे बहुसंख्य लोक नेमके तेच नाहीत का?

इथे तिसरं उत्तर पुढे येतं: पुरेसं आहे कुठे, बहुतेकांच्या आहारात शिफारशीपेक्षा कमीच असतं. अमेरिकेत प्रौढांसाठी १५ मिलिग्रॅमची शिफारस आहे आणि तिथले बहुसंख्य लोक खरंच ती गाठत नाहीत. पण हा १५चा आकडा आला कुठून? १९५०च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात काही पुरुषांना वर्षानुवर्षं ईची कमतरता असलेला आहार दिला गेला. (अशा ठिकाणच्या माणसांवर असे प्रयोग करणं आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, आणि तरीही या शिफारशीचा पाया आजही त्यांच्या रक्तावर आहे, हे सांगायलाच हवं.) त्यांच्या तांबड्या पेशी परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये किती फुटतात ते मोजलं गेलं आणि त्यावरून पुढे २०००मध्ये १५ मिलिग्रॅम ठरले. म्हणजे हा आकडा रोगाच्या लक्षणांवर उभा नसून परीक्षानळीतल्या एका खुणेवर उभा आहे. तो निरुपयोगी नाही, पण त्याच्या खाली असलेल्या प्रत्येकाला ‘कमतरताग्रस्त’ ठरवणं ही उडी फार लांबची आहे. खरी कमतरता मेदाचं शोषण बिघडलेल्या आतड्याच्या, स्वादुपिंडाच्या आणि पित्तमार्गाच्या आजारांत, काही जनुकीय विकारांत आणि मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांत दिसते. शिवाय आहारात थोडी भर घालणं वेगळं आणि ४०० युनिटांची कॅप्सूल वेगळी. नैसर्गिक रूपात ४०० युनिट म्हणजे २६८ मिलिग्रॅम, शिफारशीच्या सुमारे १८ पट. तेवढं ई बदामांतून मिळवायचं तर रोज किलोभर बदाम खावे लागतील. याला पूरक आहार म्हणायचं?

विरोधकांनाही सोडून चालणार नाही. २००५मध्ये १९ चाचण्या आणि १,३५,९६७ जणांची आकडेवारी एकत्र करून असा निष्कर्ष काढला गेला की ४०० युनिट किंवा त्याहून जास्त ई घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण किंचित वाढतं. बातम्या मात्र ‘ई जीवनसत्त्वाने मृत्यू’ अशा थाटाच्या आल्या. त्या चाचण्यांतले बरेच लोक आधीच आजारी आणि वयस्कर होते, वाढ लहान होती, आणि तिच्यावर रास्त आक्षेप घेतले गेले. २०१०मध्ये तर मधुमेह नसलेल्या पण यकृतात मेद साठून दाह झालेल्या रुग्णांना ९६ आठवडे रोज ८०० युनिट नैसर्गिक ई दिलं तेव्हा ४३ टक्क्यांच्या यकृतात सुधारणा दिसली, लटकी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १९ टक्के. दाह आणि मेद उतरला. यकृतातले व्रण (फायब्रोसिस) मात्र लक्षणीय घटले नाहीत. हा उपयोग खरा आहे, मर्यादित आहे, आणि यकृताची तपासणी करून डॉक्टरने ठरवायचा आहे.

मार्ग बदलला की काय होतं याकडे तर दोन्ही बाजू पाहतच नाहीत. १९८३च्या अखेरीस अमेरिकेत मुदतपूर्व बाळांना शिरेतून देण्यासाठी ईचं एक द्रावण बाजारात आलं. १९८४च्या एप्रिलमध्ये ते परत मागवावं लागलं. ३८ बाळांचे मृत्यू त्याच्याशी जोडले गेले. मुख्य संशय ते तेलकट जीवनसत्त्व पाण्यात मिसळावं म्हणून घातलेल्या पायसीकारकावर होता. जीवनसत्त्वच आहे, त्याची कसली नव्याने परीक्षा, या समजुतीची किंमत बाळांनी मोजली. २०१९मध्ये पुन्हा तेच. ई-सिगारेटमधल्या गांजाच्या तेलात भेसळ म्हणून टोकोफेरिल ॲसिटेट हे ईचंच एक रूप मिसळलं गेलं. पोटातून घेतलं तर फुप्फुसाला निरुपद्रवी असलेलं हे संयुग तापून फुप्फुसात गेलं. आजारी पडलेल्या ५१ जणांच्या फुप्फुसातून धुऊन काढलेल्या द्रवाच्या तपासणीत ४८ जणांत ते सापडलं, तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी लोकांत एकातही नाही. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०० हून जास्त रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले होते.

कॅप्सूल टोचून तेल चेहऱ्यावर किंवा व्रणावर चोळणाऱ्यांनी त्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचावीत. बहुतेक वेळा तिथे हेच टोकोफेरिल ॲसिटेट लिहिलेलं असतं. ते दाट, चिकट, मधाच्या रंगाचं तेल हवेत टिकावं म्हणून रेणूचा हायड्रॉक्सिल गट ॲसिटेटने झाकलेला असतो. म्हणजे ज्या गटामुळे ते अँटिऑक्सिडंट ठरतं तोच बंद केलेला. आतड्यातली एन्झाइम ते झाकण काढतात, त्वचेत हे काम फार तोकडं होतं. १९९९मधल्या एका छोट्या, १५ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या व्रणांवर ई मिसळलेलं मलम लावूनही फायदा दिसला नाही आणि तिघांत एकाला त्वचेचा दाह झाला. अभ्यास लहान आहे, पण ‘त्वचेसाठी उत्तम’ असं छापणाऱ्यांकडे याहून मोठा पुरावा आहे का?

या सगळ्याच्या मुळाशी अँटिऑक्सिडंट म्हणजे निव्वळ भलं आणि मूलक म्हणजे निव्वळ वाईट हा बाळबोध हिशेब आहे. पेशी मूलकांचा संदेशासारखा वापर करतात. २००९मध्ये जर्मन संशोधकांनी व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या, तर व्यायामामुळे इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो तो सुधारलाच नाही. २०१४मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या उंदरांना ई दिलं तेव्हा गाठी वेगाने वाढल्या, कारण ऑक्सिडीकरणाचा ताण घटल्याने कर्करोग अडवणारं पी-५३ प्रथिन ढिलं पडलं. दुसरीकडे लोह आणि मेदाच्या ऑक्सिडीकरणाने होणारा पेशींचा एक वेगळा मृत्यू २०१२पासून ओळखला जातो आणि ई तो थोपवतं. चेतापेशींना त्याची गरज का पडते याचा धागा कदाचित तिथे सापडेल. ईचं काम ऑक्सिडीकरण रोखण्यापुरतंच आहे की ते पेशींतल्या संदेशवहनातही हात घालतं, यावर जाणते रसायनशास्त्रज्ञ आजही भांडतात. हे भांडण खरं आहे. कॅप्सूलच्या जाहिरातीत त्याचा मागमूस नसतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पाकिटावर नुसतं ‘ई जीवनसत्त्व ४०० युनिट’ न लिहिता कोणतं संयुग, नैसर्गिक की कृत्रिम, किती मिलिग्रॅम आणि ते रोजच्या शिफारशीच्या कितीपट, हे ठळक लिहावं. शिफारशीच्या दहापटींवरची प्रत्येक मात्रा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळू नये, कारण रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांत ही मात्रा के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणून रक्तस्राव वाढवू शकते, आणि काउंटरवर हे विचारणारं कोणी नसतं. आणि सध्या पाम तेलातून काढलेल्या टोकोट्रायनॉलच्या कॅप्सूल ‘खरं ई’ म्हणून पुढे येत आहेत; अल्फा फसलं, आता हे घ्या. परीक्षानळीतलं त्यांचं रसायन आकर्षक आहे, यात शंका नाही. अल्फाचंही होतं. चाचणी आधी, विक्री नंतर, हा क्रम या वेळी तरी पाळला गेला पाहिजे.